कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय? ‘फॉरमॅट मारा’ म्हणण्याआधी हे करून बघा

आमचं घर बेळगावच्या वडगावात. खाली दिरांचे माग चालतात आणि वरच्या खोलीत माझा कॉम्प्युटर आहे. आसपासच्या विणकरांची जीएसटीची बिलं, लग्नपत्रिकांचा मराठी मजकूर, सरकारी कचेरीत द्यायचे कन्नड अर्ज, सगळं मी त्याच्यावरच करून देते. गेल्या वर्षी होळीनंतर तो बंद पडायला लागला. कधी निळी स्क्रीन यायची, कधी नुसताच अंधार. दोनदा दुकानात नेला आणि दोन्ही वेळा उत्तर एकच मिळालं, “ताई, विंडोज खराब झालंय. फॉरमॅट मारूया, खरं डेटा जाईल.” दोन्ही वेळा फॉरमॅट झाला आणि दोन्ही वेळा आठवड्याच्या आत रडगाणं पुन्हा सुरू. दुसऱ्या खेपेला तर एका शेजाऱ्याची तीन वर्षांची बिलं गेली. त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही, पण मला ते आजही लागतं.

शेवटी कळलं की विंडोजमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली सुताच्या तंतूंचा थर बसला होता आणि रॅमची (चालू काम तात्पुरतं लक्षात ठेवणाऱ्या मेमरीची) एक पट्टी खराब झाली होती. हे शोधायला मला तीन महिने लागले. तुम्हाला आठ दिवसांच्या नोंदी आणि दोन-तीन संध्याकाळी पुरतील, म्हणून जसं केलं तसं क्रमानं लिहिते. हे विंडोज १० किंवा ११ असलेल्या घरच्या डेस्कटॉपसाठी आहे. लॅपटॉपला बरंचसं लागू पडतं, पण तो स्वतः उघडू नका.

जवळ काय काय ठेवायचं

- एक वही आणि पेन. हे सगळ्यात महत्त्वाचं.
- बाहेरची हार्ड डिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह, फाइली काढून ठेवायला.
- ८ जीबी किंवा त्याहून मोठा दुसरा रिकामा पेनड्राइव्ह. वेळ आलीच तर विंडोज त्याच्यावर घ्यावं लागेल.
- चौफुली तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर, रंगाचा मऊ कोरा ब्रश, पांढरं खोडरबर, उजेडाला बॅटरी (टॉर्च). शेजारी कुणाकडे ब्लोअर असेल तर उत्तम.
- कॉम्प्युटरचं किंवा सुट्या भागांचं बिल आणि वॉरंटी कार्ड.
- मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल आणि पासवर्ड.
- बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, ४८ अंकी रिकव्हरी की. नव्या विंडोज ११ मशीनमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असू शकते. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) काही बदललं किंवा दुरुस्तीच्या स्क्रीनमध्ये शिरलात की ती ही की मागते आणि की नसेल तर स्वतःच्याच फाइली स्वतःला उघडता येत नाहीत. मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगइन केलं की ती सापडते. कागदावर उतरवून घ्या, त्याच कॉम्प्युटरमध्ये सेव्ह करून काही उपयोग नाही.

१. आधी फाइली बाहेर काढा

कॉम्प्युटर अर्धा तास जरी चालत असला तरी तो अर्धा तास फक्त यासाठी वापरा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि फोटो हे चार फोल्डर सगळ्यांच्या लक्षात असतात. विसरतात ते वेगळंच. टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा स्वतःच्या निराळ्या फोल्डरमध्ये असतो, म्हणून त्या सॉफ्टवेअरमधूनच बॅकअप घ्या. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डही लिहून ठेवा.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट असते, जुने मराठी आणि कन्नड फाँट. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा मजकूर बहुतेकदा युनिकोडमध्ये (कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या अक्षरांत) नसतो, तो त्या-त्या फाँटवर अवलंबून असतो. फॉरमॅटनंतर फाइल राहते, पण फाँट गेलेला असतो आणि उघडल्यावर नुसती चिन्हं दिसतात. म्हणून विंडोजच्या फोल्डरमधला फाँट्स नावाचा फोल्डरसुद्धा कॉपी करा आणि महत्त्वाच्या जुन्या फाइलींची पीडीएफ करून ठेवा.

२. वही घाला

पुढचे आठ दिवस कॉम्प्युटर बंद पडला की लगेच चार गोष्टी लिहायच्या: किती वाजले होते, तुम्ही काय करत होता, तो नेमका कसा बंद पडला आणि त्या वेळी घरात किंवा गल्लीत लाईटचं काही झालं का.

‘कसा’ हे नीट बघा, कारण वाट तिथूनच फुटते.

- डोळ्यांसमोर फटकन अंधार, काही संदेश नाही: बहुधा वीज, एसएमपीएस (कॅबिनेटमधल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) किंवा उष्णता.
- निळी स्क्रीन, खाली काही इंग्रजी शब्द: रॅम, डिस्क किंवा ड्रायव्हर (एखादा भाग चालवायला विंडोजला लागणारा छोटा प्रोग्राम). विंडोज ११ मध्ये २०२५ च्या अपडेटनंतर ही स्क्रीन काळी दिसते, म्हणून निव्वळ अंधार आणि काळ्या पडद्यावरचा मजकूर यात गल्लत करू नका.
- माऊससकट सगळं गोठतं: डिस्क, उष्णता किंवा रॅम.
- एकच प्रोग्राम बंद होतो, बाकी सगळं चालू: दोष त्या प्रोग्रामचा. तेवढाच काढून पुन्हा घाला, पुढचं काही करायची गरज नाही.

माझ्या वहीत आठ दिवसांत अकरा नोंदी झाल्या. त्यातल्या नऊ दुपारच्या, माग चालू असतानाच्या. माग बंद होते त्या दिवशी एकही नाही. दोनदा फॉरमॅट करून जे कळलं नव्हतं ते या एका पानानं सांगितलं.

कॉम्प्युटरही स्वतःची वही ठेवत असतो. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ असं इंग्रजीत टाइप करा. एक आलेख उघडतो आणि त्यात ज्या-ज्या दिवशी काही बिघडलं तिथे लाल फुली असते. त्या दिवशी कुठलं अपडेट किंवा सॉफ्टवेअर आलं होतं तेही तिथेच दिसतं. आणखी खोलात जायचं तर इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्जमधल्या सिस्टिममध्ये जा. ‘कर्नल-पॉवर’ नावाची ४१ क्रमांकाची नोंद दिसली तर घाबरू नका. कॉम्प्युटर नीट शटडाउन न होता बंद झाला, एवढाच तिचा अर्थ. तिच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ शून्य असेल तर निळी स्क्रीन नोंदवायलाही सवड मिळालेली नाही, म्हणजे आधी विजेकडे आणि उष्णतेकडे बघायचं.

३. लाईट, इन्व्हर्टर आणि अर्थिंग

खानापूर तालुक्यातल्या गावांत पावसाळ्यात झाडं तारांवर पडतात, एप्रिल-मेमध्ये वळीव आला की लाईट ये-जा करते, आणि आमच्या वडगाव-खासबागेत मागांच्या मोटारी असतात. मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि त्याच लाइनवरचं व्होल्टेज खाली बसतं. बल्ब मंद होतो तो हाच क्षण. चांगला एसएमपीएस तो सोसतो, पण जुना किंवा स्वस्तातला सोसत नाही.

घरी इन्व्हर्टर असूनही लाईट जाताच कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो, ही तक्रार मी दहा घरांत तरी ऐकली असेल. त्याचं कारण साधं आहे. लाईट गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरना मागे किंवा पुढे एक बटण असतं, त्यावर यूपीएस मोड आणि नॉर्मल किंवा इको मोड असं लिहिलेलं असतं. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर दहाएक मिलिसेकंदांत बॅटरीवर जातो, तर नॉर्मलमध्ये चाळीसपर्यंत लागू शकतात. पंख्याला आणि दिव्याला ते चालतं, कॉम्प्युटरला चालत नाही. बटण यूपीएसवर सरकवा. कित्येकांचा प्रश्न इथेच मिटतो. बटण नसेल तर कॉम्प्युटरपुरता छोटा वेगळा यूपीएस घ्या. स्टॅबिलायझर घेऊन हा प्रश्न सुटत नाही, तो व्होल्टेज सावरतो पण लाईट गेल्यावर वीज देत नाही.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही किंवा तुटलंय. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधून थोडा करंट पत्र्यावर येतो आणि त्यानं अर्थमधून निघून जायचं असतं. जुन्या घरांत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकाच्या मागे वायरच नसते. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजून घ्या, ते दोन-तीन व्होल्टांच्या आत असायला हवं. लहान मुलं त्या कॉम्प्युटरला हात लावत असतील तर हे काम आजच करा.

आणखी दोन गोष्टी. कॉम्प्युटर, प्रिंटर आणि मिक्सर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर ठेवू नका. आणि वळिवाचा गडगडाट सुरू झाला की बटण बंद करून थांबू नका, प्लगच काढा, इंटरनेटची वायरसुद्धा.

एसएमपीएसवर संशय असेल तर तो उघडायचा नाही. बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जोरदार चार्ज राहतो. ओळखीच्या कुणाचा तरी चांगला एसएमपीएस एक दिवस लावून बघणं हीच खरी परीक्षा.

४. आतली धूळ

माझा निम्मा प्रश्न इथे होता. मागाच्या घरात सुताचे तंतू, निपाणीकडे वखारीजवळच्या घरांत तंबाखूची पूड, रस्त्यालगत तांबडी माती. धूळ वेगळी असली तरी परिणाम एकच: प्रोसेसरवरच्या हीट सिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्या बुजतात, पंखा फिरतो पण हवा आत जात नाही. मग स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसर आधी मंद होतो आणि शेवटी कॉम्प्युटर बंद पडतो.

आधी तापमान बघा. एचडब्ल्यूमॉनिटर हा फुकट मिळणारा प्रोग्राम पुरतो. काही न करता ३५ ते ५० अंश ठीक. काम करताना ८० पर्यंत चालतं. ९० च्या वर राहत असेल तर सफाई हवीच. माझं ९६ दाखवत होतं.

सफाई अशी करायची. शटडाउन करा, प्लग काढा, सगळ्या वायरी सोडवा. पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला चार्ज निघून जातो. कॅबिनेट गॅलरीत किंवा अंगणात न्या आणि डाव्या बाजूचा पत्रा काढा. आधी एक फोटो घ्या, कुठली वायर कुठे होती ते नंतर आठवत नाही. पंख्याला बोटानं धरून ठेवा आणि मग ब्लोअर मारा. न धरता मारलात तर पंखा भन्नाट फिरतो आणि त्याची बेअरिंग जाते. चिकटलेले तंतू ब्रशनं सोडवा. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीचा ओलावा बोर्डावर जातो. ओलं फडकं तर नकोच.

हीट सिंक काढायची वेळ आली तर थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीट सिंकच्या मधला उष्णता वाहणारा लेप) नव्यानं लावावीच लागते, जुनीवर तशीच बसवू नका. ती ट्यूब आणि थोडा सराव नसेल तर हे दुकानातून समोर बसून करून घ्या.

माझ्या हीट सिंकवरून तंतूंचा थर अक्षरशः कापडासारखा सोलून निघाला. सफाईनंतर तेच काम करताना ६८ अंश. आता दर दोन महिन्यांनी करते. माग नसलेल्या घरात वर्षातून दोनदा पुरे, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा दिवाळीच्या झाडलोटीत.

५. रॅम

सफाईनंतर अचानक अंधार होणं थांबलं, पण निळी स्क्रीन येतच राहिली. म्हणजे दोन दुखणी एकात एक गुंतलेली होती. एक उपाय केल्यावर सगळं थांबलं नाही तर तो उपाय चुकला असं समजू नका, वही चालू ठेवा.

कॉम्प्युटर बंद, प्लग बाहेर. कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. रॅमच्या दोन्ही टोकांच्या खिट्ट्या दाबून पट्टी काढा, सोनेरी दात खोडरबरनं हलकेच घासा, चुरा झटका आणि खिट्टी ‘टक्’ असा आवाज करून बसेपर्यंत दाबून परत लावा. पावसाळ्यात दमट हवेनं या दातांवर थर धरतो. कनकुंबी-जांबोटीकडच्या घरांत एवढ्यानंच कॉम्प्युटर ताळ्यावर आलेले मी पाहिलेत.

तरी थांबलं नाही तर स्टार्टमध्ये ‘मेमरी डायग्नॉस्टिक’ शोधून चालवा. कॉम्प्युटर रिस्टार्ट होऊन तपासणी करतो आणि लॉगइननंतर निकाल सांगतो. या चाचणीत दोष निघाला तर तो खरा. निघाला नाही म्हणून रॅम निर्दोष मात्र ठरत नाही. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालू ठेवा. एक जरी चूक दाखवली तरी ती पट्टी गेली. दोन पट्ट्या असतील तर एकेक करून लावा, दोषी कोण ते कळतं.

रॅमला अनेक कंपन्या लाइफटाइम वॉरंटी देतात. माझ्याकडे बिलच नव्हतं, म्हणून नवी विकत घ्यावी लागली. निपाणी-चिक्कोडीकडचे पुष्कळ लोक सुटे भाग कोल्हापूरहून आणतात. तिथूनही सीरियल नंबर लिहिलेलं पक्कं बिल घ्या, मागाहून कच्ची चिठ्ठी चालत नाही.

६. डिस्क

क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम डिस्कची तब्येत एका शब्दात सांगतो: गुड, कॉशन किंवा बॅड. गुड असेल तर पुढच्या पायरीवर जा. कॉशन किंवा बॅड असेल, किंवा हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल, तर दुरुस्तीच्या फंदात न पडता आधी उरलेल्या फाइली काढा. मरणाऱ्या डिस्कवर तासन् तास चेकडिस्क (विंडोजची डिस्क-तपासणी) चालवलं तर ती त्यातच संपू शकते. सी ड्राइव्हवर पंधरा-वीस जीबी जागा मोकळी आहे ना तेही बघा.

७. निळ्या स्क्रीनवरचे शब्द

स्क्रीन येऊन लगेच रिस्टार्ट होत असेल तर सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये अॅडव्हान्स्ड, त्यात स्टार्टअप अँड रिकव्हरी, आणि तिथली ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ची खूण काढा. मग स्क्रीन थांबून राहते आणि मोबाइलवर फोटो घेता येतो. सगळं वाचायची गरज नाही, ‘स्टॉप कोड’पुढचे शब्द बघा.

- मेमरी मॅनेजमेंट: रॅमकडे पुन्हा जा.
- आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल: बहुतेकदा ड्रायव्हर, कधी रॅम.
- डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर: हार्डवेअर. उष्णता, एसएमपीएस, प्रोसेसर.
- कर्नल डेटा इनपेज एरर: डिस्क किंवा तिची केबल.
- इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस: डिस्क सापडत नाही. रोज घड्याळही मागे पडत असेल तर मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य बोर्डावरचा) सीआर २०३२ सेल संपलाय. सेल गेला की बायोसच्या सेटिंग पुसल्या जातात आणि डिस्कचा मोड बदलून हीच स्क्रीन येऊ शकते. घड्याळाच्या दुकानातही हा सेल मिळतो.

८. अलीकडे काय घातलं?

रिलायबिलिटीच्या आलेखात त्रास सुरू झाल्याची तारीख बघा आणि त्याच्या दोन दिवस आधी काय आलं ते शोधा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून ‘रोल बॅक’ करा, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत येतो. विंडोजचं अपडेट असेल तर अपडेट हिस्टरीतून ते काढता येतं.

विंडोज टिकतच नसेल तर शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट करा. ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, आणि रिस्टार्टनंतर ४ दाबा. हा सेफ मोड. यात विंडोज अगदी गरजेपुरते ड्रायव्हर घेऊन उठतं. सेफ मोडमध्ये तासभर निवांत चाललं तर दोष बाहेरून घातलेल्या कशात तरी आहे. तिथेही पडला तर बहुधा हार्डवेअर.

आपल्याकडे बऱ्याच मशीनवर मराठी टायपिंगचं एक आणि कन्नडचं एक अशी दोन सॉफ्टवेअर एकदम सुरू होतात, दोन्ही कीबोर्डवर ताबा सांगतात आणि टाइप करताना सगळं अडकतं. आता त्यांची गरज कमी झालीय. विंडोज १० मध्ये २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून मराठी आणि कन्नड दोन्हीचे फोनेटिक कीबोर्ड आतच आहेत. लँग्वेज सेटिंगमधून दोन्ही घाला. विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबून भाषा बदलते.

अँटिव्हायरसही दोन ठेवू नका. हे प्रोग्राम विंडोजच्या अगदी गाभ्यात काम करतात. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरातले सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर आणले होते, ते याच कारणानं. घरच्या वापराला विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पुरतो.

‘फुकट ड्रायव्हर अपडेट करा’ म्हणणारे प्रोग्राम आणि विंडोज फुकटात चालू करून देणारे अॅक्टिव्हेटर यांच्याबरोबर बहुतेकदा नको ते आत येतं. स्क्रीनवर नंबर दाखवून ‘तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, फोन करा’ असं आलं तर फोन करू नका. खरी निळी स्क्रीन कधीच फोन नंबर देत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर कळवा.

९. विंडोजच्या फाइली दुरुस्त करणं

स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’नं उघडा. इंटरनेट चालू हवं. दोन आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्यायच्या आहेत. पहिली: डीआयएसएम, जागा, स्लॅश ऑनलाइन, जागा, स्लॅश क्लीनअप डॅश इमेज, जागा, स्लॅश रिस्टोअरहेल्थ. ती पूर्ण झाल्यावर दुसरी: एसएफसी, जागा, स्लॅश स्कॅननाऊ. पहिली मध्येच बराच वेळ थांबल्यासारखी वाटते, खिडकी बंद करू नका. हे बिनधोक आहे, फाइली जात नाहीत. पण रॅम किंवा डिस्क खराब असताना केलंत तर दुरुस्त झालेलं पुन्हा बिघडतं, म्हणूनच ही पायरी इतकी शेवटी ठेवलीय.

१०. दुकानात न्यायची वेळ आलीच तर

वही सोबत न्या आणि पान उघडून समोर ठेवा. “बंद पडतोय” म्हणण्यापेक्षा “सफाई केली, तापमान ६८ आहे, रॅम बदलून बघितली, तरी ही स्क्रीन येते” असं सांगितलं की समोरच्याचंही काम सोपं होतं. ठेवून घेणार असतील तर जॉब शीटवर (दुकानाच्या कामाच्या पावतीवर) ‘विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये’ हे लिहून घ्या. जॉब शीट कन्नडमध्ये असेल आणि वाचता येत नसेल तर तिथेच वाचून घ्या, संकोच करू नका. बदललेला प्रत्येक भाग परत मागा, विशेषतः जुनी डिस्क, कारण त्यावर तुमच्या घरादाराचे आधार आणि बँकेचे कागद असतात.

नव्यानं विंडोज घालायचंच ठरलं तर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलनं त्या रिकाम्या पेनड्राइव्हवर घ्या. मशीनवर आधीपासून अस्सल विंडोज असेल तर परवाना मदरबोर्डाशी जोडलेला असतो, पुन्हा पैसे द्यावे लागत नाहीत. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून जमत असेल तर थेट ११ घ्या. त्यासाठी टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) आणि किमान ४ जीबी रॅम लागते. पीसी हेल्थ चेक हा मायक्रोसॉफ्टचाच प्रोग्राम आधी चालवलात तर तुमच्या मशीनला ते चालेल की नाही, हे दुकानात पाऊल टाकण्याआधी कळेल.